डाग वेगळा, रंग वेगळा

माळव्यातल्या आपल्या मराठी घरांत लग्न ठरलं की एक यादी होते. तिच्यात पूर्वी मेहंदी, फेशियल आणि फार तर केसांना रंग एवढंच असायचं. गेल्या काही वर्षांत त्या यादीत 'पील' हा शब्द आला आहे. इंदूर-देवासच्या पार्लरच्या पाट्यांवर तो दिसतो, धारच्या बाजारात दिसतो, आणि आता आमच्या अमझेऱ्यासारख्या लहान गावातल्या मुलीही मोबाइलवर काहीतरी बघून विचारतात, "ताई, पील करून घेऊ का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण मी स्वतः चार वेळा पील करून घेतलं आहे आणि मला त्याचा फायदा झाला आहे. माझ्या सख्ख्या मावसबहिणीचं पीलनेच झालेलं नुकसानही मी जवळून पाहिलं आहे. आम्ही दोघी एकाच आजीच्या नाती, त्वचाही बरीचशी सारखी. मग एकीला फायदा आणि दुसरीला त्रास का झाला, याचं उत्तर शोधता शोधता बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं. ते आपल्या अंकातून घरातल्या तरुण मंडळींपर्यंत पोहोचावं, म्हणून हा लेख.

पील म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर पील म्हणजे आम्ल लावून त्वचेला मुद्दाम, मोजून केलेली जखम. ऐकायला भीतिदायक वाटेल, पण हेच वाक्य लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं आपोआप समजतं. आपल्या त्वचेचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर सरकत राहतात आणि साधारण महिन्याभरात वरचा थर बदलतो. वय वाढलं की हा वेग मंदावतो. आम्ल लावल्यावर वरच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात ती पकड सैल होते, त्या गळून पडतात आणि खालून नवा थर लवकर येतो. डाग वरच्या थरात असेल तर तो त्यांच्याबरोबर थोडा थोडा निघून जातो.

आम्ल किती खोल जातं यावरून पीलचे तीन प्रकार होतात. वरवरचं पील फक्त बाह्यत्वचेत काम करतं. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक ही त्यातली नेहमीची नावं. मध्यम पील बाह्यत्वचा ओलांडून खालच्या थराच्या वरच्या भागापर्यंत जातं. त्यासाठी ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल वापरतात, ज्याला सगळे 'टीसीए' म्हणतात. सगळ्यांत खोल पील फिनॉलचं. ते रक्तात शोषलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून ते करताना हृदयावर सतत लक्ष ठेवावं लागतं. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर खोल पील करू नये, असंच तज्ज्ञ सांगतात.

म्हणजे 'पील' हा एकच शब्द असला तरी त्याखाली जेवणाच्या सुट्टीत करून परत कामावर जाता येईल अशी गोष्टही येते आणि ऑपरेशनसारखी तयारी लागते अशीही येते. कोणी "पील करतो" म्हणालं, तर "कोणतं?" हा पहिला प्रश्न.

ताक, ऊस आणि कडू बदाम

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत हॅम्बर्गच्या पॉल गेर्सन उना या त्वचारोगतज्ज्ञाने १८८२ मध्येच सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि टीसीए यांचे त्वचेवरचे परिणाम लिहून ठेवले होते. आपल्या घरातही याची दूरची भावंडं आहेत. आजी तोंडाला ताक किंवा सायीचं दही लावायची, त्यात लॅक्टिक आम्ल असतं. ग्लायकोलिक आम्ल उसात सापडतं. मँडेलिक आम्ल कडू बदामातून मिळालं आणि त्याचं नावच बदामाच्या जर्मन शब्दावरून पडलं. म्हणून पार्लरमध्ये 'फ्रूट पील' हे गोड नाव चालतं.

पण ताकातलं आम्ल आणि बाटलीतलं आम्ल यांत फरक असतो तो तीव्रतेचा. आणि तीव्रता फक्त टक्क्यांवर ठरत नाही, पीएचवरही ठरते. पीएच एकाने कमी झाला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे बाटलीवर '३० टक्के' लिहिलेलं असलं तरी पीएच ३ असलेलं आणि पीएच १ असलेलं द्रावण त्वचेवर अगदी वेगळं वागतं. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मर्यादा याच हिशोबाने आहेत: घरी वापरायच्या वस्तूंत ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्ल जास्तीत जास्त १० टक्के आणि पीएच ३.५ पेक्षा कमी नको. प्रशिक्षित व्यक्तीने सलूनमध्ये थोडा वेळ लावून धुऊन टाकायच्या वस्तूंत ३० टक्के आणि पीएच ३ पेक्षा कमी नको. त्यापुढचं सगळं डॉक्टरांचं काम.

घरगुती म्हणजे सुरक्षित, असंही नाही. चेहऱ्यावर लिंबू चोळण्याची सवय आपल्याकडे फार आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. शिवाय लिंबात असे पदार्थ असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे डाग राहतात. बेसन-हळदीचं उटणं निदान त्या बाबतीत गरीब आहे.

माझ्या चार बैठका

अमझेरा धारच्या पश्चिमेला. तिथल्या राणा बख्तावरसिंहांना १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला फाशी झाली, हे गावातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्यानंतर गाव शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात गेलं आणि संस्थानाच्या नोकरीपायी आमच्यासारखी काही मराठी घरं त्या भागात आली. मी बारावीपर्यंत तिथेच वाढले, मग इंदूरला बीई आणि तिथेच नोकरी.

मुरुम मला कॉलेजपासून होते. सगळे म्हणायचे, वयाचं आहे, जाईल. तिशी ओलांडली तरी ते गेलं नाही, आणि प्रत्येक मुरुम जाताना महिनोन् महिने टिकणारा काळपट डाग ठेवून जायचा. दिवसातले चार-पाच तास व्हिडिओ कॉलवर स्वतःचाच चेहरा समोर असला की माणूस डाग मोजायला लागतो. शेवटी इंदूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

मला वाटलं होतं, त्याच दिवशी पील होईल. त्यांनी सरळ नाही सांगितलं. आधी लाल, दुखरे मुरुम शांत झाले पाहिजेत. मग सहा आठवडे रात्री एक क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन. याला त्या 'प्राइमिंग' म्हणाल्या. त्वचा सारखी तयार झाली की आम्ल सगळीकडे सारखं जातं आणि नंतर डाग पडण्याची शक्यता कमी होते. शिवाय त्यांना हेही बघायचं होतं की ही मुलगी रोज न चुकता सनस्क्रीन लावते का. जी सहा आठवडे लावत नाही ती पीलनंतरही लावणार नाही, हा त्यांचा साधा हिशोब.

प्रश्न तर इतके विचारले की पासपोर्टच्या ऑफिसात नाही विचारत. गरोदर आहात का, ओठांवर ताप फुटतो का, अॅस्पिरिनची अॅलर्जी आहे का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या का, जखमेचा वण उंच फुगतो का, मेडिकलमधून आणून कोणतं क्रीम लावता. प्रत्येकामागे कारण होतं. ओठांवरच्या तापाचा विषाणू पीलनंतर उसळून पूर्ण चेहऱ्यावर पसरू शकतो, म्हणून आधी औषध द्यावं लागतं. सॅलिसिलिक हे अॅस्पिरिनचं नातेवाईक आहे, आणि गरोदरपणात ते टाळतात.

पहिल्या दोन बैठका सॅलिसिलिकच्या झाल्या. हे आम्ल तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट छिद्रांत शिरतं आणि मुरुमांना चांगलं. आधी कानामागे थोडं लावून पाहिलं. मग चेहरा स्पिरिटने पुसला, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलिन लावलं, हातात छोटा पंखा दिला. मिरची कापलेला हात तोंडाला लागावा तशी आग झाली. दोन-तीन मिनिटांत ती ओसरली आणि चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसू लागली. द्रव उडून गेल्यावर उरलेले ते आम्लाचे कण, ते पाण्याने धुतले. पुढच्या दोन बैठका ग्लायकोलिकच्या. त्यात मात्र घड्याळ लावून बसावं लागतं, कारण ते आपोआप थांबत नाही. वेळ झाली, किंवा त्याआधीच कुठे जास्त लाल दिसलं, की खाण्याच्या सोड्यासारखं सौम्य अल्कलीचं पाणी लावून ते निष्क्रिय करतात. प्रत्येक बैठकीत तीन-चार आठवड्यांचं अंतर.

नंतरचे तीन-चार दिवस चेहरा ताणलेला, तोंडाभोवती कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखी साल. ती ओढायची नाही, एवढा एकच कडक नियम.

चार महिन्यांनी डाग बरेच फिके झाले, नवे मुरुम कमी झाले. पण गालावरचे दोन-तीन खोल खड्डे होते तसेच आहेत. वरवरच्या पीलने खड्डे भरत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. इंजिनिअर म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या चार महिन्यांत मी एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या: रात्रीचं क्रीम, सनस्क्रीन आणि पील. त्यामुळे यातलं श्रेय नेमकं कोणाला किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला तर वाटतं, सनस्क्रीनचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा होता.

देवासची गोष्ट

माझी मावसबहीण देवासला असते, बँकेत नोकरीला. तिचं लग्न एप्रिलच्या शेवटी होतं. पार्लरवाल्यांनी नवरीच्या पॅकेजमध्ये 'ग्लो पील' घातलं होतं, लग्नाच्या बारा दिवस आधी. त्याच दिवशी थ्रेडिंग झालं, ब्लीचही झालं आणि त्यावर पील. आधी कोणी काही विचारलं नाही. बाटलीवर लेबल नव्हतं.

लावल्यावर दोन्ही गाल पांढरे पडले. तिने खूप आग होतेय म्हणून सांगितलं, तर "असर हो रहा है, थोडा सहन करो" असं उत्तर मिळालं. घरी येईपर्यंत गाल लालबुंद. तिसऱ्या दिवशी तपकिरी खपली. पण घरात लग्न, पत्रिका वाटायच्या राहिलेल्या. ती भर दुपारी स्कूटीवरून फिरली. खपली ओढणीला घासून थोडी निघाली, थोडी तिने स्वतः ओढून काढली. हळदीच्या दिवशी दोन्ही गालांवर तळहाताएवढे काळपट चट्टे होते.

लग्न झालं. मेकअपवाल्या मुलीने आपल्या परीने खूप केलं. पण माझी ही बहीण, जी प्रत्येक फोटोत पुढे घुसायची, ती अख्ख्या लग्नात मान खाली घालून बसली. लोकांना वाटलं, नवरी लाजते आहे. मांडवात येणारी प्रत्येक काकू-आत्या जवळ येऊन हळूच विचारायची, "अगं, चेहऱ्याला काय झालं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण दिवसातून चाळीस वेळा तोच प्रश्न ऐकणाऱ्याचं काय होतं, ते मी तिच्याजवळ बसून पाहिलं.

लग्नानंतर माझ्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेले. त्या म्हणाल्या, वरची त्वचा भाजली आहे आणि भाजल्यानंतर रंगद्रव्य जास्त तयार झाल्याने हे डाग पडले आहेत. गाल पांढरे पडले म्हणजे कदाचित टीसीए असेल, कारण त्याने त्वचेतली प्रथिनं साकळतात, अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर होतो तसं. पण लेबल नाही, तर खात्रीने कसं सांगणार? पार्लरमध्ये विचारायला गेलो तर "इनकी स्किन ही सेन्सिटिव्ह है" एवढंच उत्तर. काय लावलं, किती टक्के, किती मिनिटं, याची कुठेही नोंद नाही. आमच्या कामात एखादी सिस्टीम बंद पडली तर निदान लॉग तरी बघायला मिळतो. इथे माणसाच्या चेहऱ्याचा प्रश्न, आणि साधी एका ओळीची नोंद नाही.

डाग फिके व्हायला जवळजवळ वर्ष लागलं. आता ती बरी आहे, हसते, फोटो काढते. लग्नाचा अल्बम मात्र अजून कपाटातच आहे.

आपली त्वचा, आपलं ऊन

दोघींच्या बाबतीत काय वेगळं होतं? आम्ल कदाचित वेगळं होतंच. पण त्याहून मोठा फरक आधीच्या सहा आठवड्यांचा आणि नंतरच्या पंधरा दिवसांचा होता.

हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हात त्वचा कशी वागते यावरून तिचे प्रकार पाडले. आज त्या यादीत एक ते सहा प्रकार आहेत. एक म्हणजे उन्हात लगेच भाजणारी पांढुरकी त्वचा, सहा म्हणजे गडद काळी. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. आपल्या त्वचेतल्या रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी फार तत्पर असतात. उन्हापासून त्या आपलं रक्षण करतात, हा फायदा. पण जरा काही लागलं, भाजलं, खाजवलं की त्या लगेच जास्तीचा रंग ओततात. डास चावल्याचा डागसुद्धा आपल्याला महिनाभर दिसतो, तो त्यामुळेच. गोऱ्या माणसाला पील जास्त झालं तर तो काही दिवस लाल दिसेल. आपल्याला तीच गोष्ट काळा डाग देऊन जाते, म्हणजे जे घालवायला गेलो तेच दुप्पट घेऊन परत आलो.

म्हणूनच परदेशातले व्हिडिओ बघून आपल्या चेहऱ्यावर प्रयोग करू नयेत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या त्वचेचा विचार करून २००८ मध्ये पीलसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातल्या डॉ. नीती खुंगर यांनी त्या लिहिल्या. प्रशिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने करावं, आधी त्वचा तयार करावी, गडद त्वचेवर खोल पील टाळावं, नंतर उन्हापासून जपावं, हा त्यांचा गाभा.

आणि ऊन तर आपल्याकडचं. एप्रिल-मेमध्ये माळव्यात पारा चाळिशी ओलांडतो. अमझेऱ्यात दुपारी बाराला बसस्टँडपासून घरापर्यंत चालत गेलं तरी कळतं. पीलनंतरची नवी त्वचा नुकत्याच उगवलेल्या रोपासारखी असते. म्हणून शक्य असेल तर पील थंडीच्या दिवसांत करावं. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०, आणि बोटावर टिकलीएवढं घेऊन चालत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीएवढ्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला लागतात. दोन-तीन तासांनी पुन्हा. खिडकीच्या काचेतूनही सूर्याचे काही अतिनील किरण आत येतात, त्यामुळे 'मी तर ऑफिसमध्येच असते' हे कारण चालत नाही. स्कूटीवर आपल्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, ती सवय फार चांगली आहे.

मेडिकलमधली ट्यूब

पीलइतकीच काळजी करण्यासारखी दुसरी गोष्ट आपल्या घरात आरशाच्या मागे सापडते. गालावरच्या वांगासाठी किंवा 'गोरं होण्यासाठी' कोणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेली ट्यूब. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, मग लावणं सोडलं की लाल होतो, म्हणून पुन्हा लावायचं, असं वर्षानुवर्षं चालतं. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस वाढतात, मुरुम येतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी गावाकडे ती अजून सहज मिळतात. अशा पातळ झालेल्या त्वचेवर पील केलं तर आम्ल ठरल्यापेक्षा खोल जातं. म्हणून डॉक्टरांनी 'कोणतं क्रीम लावता' विचारलं तर लाजू नका, ट्यूबच नेऊन दाखवा.

वांगाबद्दल आणखी एक. बाळंतपणानंतर आपल्या घरातल्या कितीतरी बायकांना तो होतो. पीलने तो फिका होऊ शकतो, पण ऊन आणि हार्मोन यांच्यामुळे परत येतो. तिथे पील हा जोडउपाय आहे. मुख्य उपाय रोजचं औषध आणि ऊन टाळणं. एकदा पील केलं आणि वांग कायमचा गेला, असं कोणी सांगत असेल तर तिथून निघून यावं.

ऑनलाइन मिळणाऱ्या बाटल्यांचंही तेच. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट इशारा दिला की टीसीए, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, लॅक्टिक यांची तीव्र पील विकत घेऊन डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घरी वापरू नका. तिकडेही लोक भाजून घेतात म्हणूनच हा इशारा द्यावा लागला.

डाग आणि रंग

आता मला जे सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते. पील डाग कमी करतं. पील रंग बदलत नाही. तुमचा रंग म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही, तिथे दिसतो तो. तो आईवडिलांकडून आलेला असतो. चेहरा त्यापेक्षा काळवंडला असेल तर उपचाराने तो फार तर तिथपर्यंत परत येईल. त्याच्या पलीकडे नेतो म्हणणारा खोटं बोलतो आहे, किंवा तुमची त्वचा पातळ करतो आहे.

माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर त्या दिवसापूर्वी एकही डाग नव्हता. तिला पीलची गरजच नव्हती. ती सावळी होती, एवढंच. मुलगी बघायला आलेल्या कोणीतरी "मुलगी चांगली आहे, रंग जरा दबलेला आहे" असं म्हटलेलं तिच्या मनात रुतून बसलं होतं. नवऱ्या मुलाने तर तसं काही म्हटलंच नव्हतं. ज्या कंपनीने कित्येक वर्षं 'फेअर' हा शब्द विकला, तिनेही २०२० मध्ये क्रीमच्या नावातून तो काढून 'ग्लो' घातला. पार्लरच्या पॅकेजमध्येही आता 'गोरेपणा' लिहीत नाहीत, 'ग्लो' लिहितात. शब्द बदलला, घरातलं बोलणं बदलायचं राहिलं.

अमझेऱ्याजवळ अमका-झमका देवीचं मंदिर आहे. श्रीकृष्णाने रुक्मिणीचं हरण तिथून केलं, अशी आमच्याकडची श्रद्धा. विदर्भातले लोक हाच मान कौंडिण्यपूरला देतात, त्या वादात मी पडत नाही. पण कथा कुठलीही धरा, विदर्भाच्या राजकन्येने स्वतः निरोप पाठवून निवडला तो सावळाच. पंढरपूरला आपण सगळे ज्याच्या पायावर डोकं ठेवतो तोही काळाच. मग आपल्याच घरातल्या मुलीच्या रंगाबद्दल मात्र 'दबलेला' हा शब्द कुठून येतो?

जाण्याआधी विचारायचे प्रश्न

ज्यांना खरंच डागांचा, मुरुमांचा त्रास आहे त्यांनी घाबरू नये. योग्य हातात वरवरचं पील चांगलं काम करतं, मी त्याचं उदाहरण आहे. फक्त एवढं विचारून घ्यावं:

करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे का? एमडी किंवा डिप्लोमा, पाटीवर लिहिलेलं असतं. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर इंदूरच्या एमवाय रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणीही त्वचारोग विभाग असतो.

कोणतं आम्ल, किती टक्के? बाटली दाखवायला सांगा आणि कागदावर लिहून घ्या.

माझा डाग वरचा आहे की खोल? किती बैठका लागतील, आणि काय जाणार नाही?

आधी किती आठवडे तयारी? "लगेच करूया" हे उत्तर असेल तर घाई त्यांची आहे, तुमची नाही.

आधीच्या आठवड्यात थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच केलं असेल तर तसं सांगा आणि तारीख पुढे ढकला.

नंतर आग, फोड, पू किंवा काळेपणा दिसला तर कोणाला फोन करायचा?

आणि लग्न असेल तर पहिलं पील निदान तीन-चार महिने आधी. महिन्याच्या आत तर नकोच. चेहऱ्यावर केलेल्या गोष्टीला मागे नेणारं बटण नसतं.

या यादीतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर देऊ शकत नाहीत, ते घरीच शोधावं लागतं: मला हा डाग त्रास देतो आहे, की कोणाचं तरी बोलणं? डाग असेल तर उपचार आहे. बोलणं असेल तर त्याचा उपचार आपण सगळ्यांनी मिळून करायचा आहे. पुढच्या वेळी आपल्या घरात मुलगी बघायचा कार्यक्रम असेल आणि कोणी रंगाचा विषय काढला, तर चहाचा कप खाली ठेवून "तो विषय आमच्याकडे नाही" एवढं एक वाक्य मोठ्यांपैकी कोणीतरी बोलावं. माझ्या बहिणीसाठी ते त्या दिवशी कोणी बोललं असतं, तर ती त्या पार्लरची पायरी चढलीच नसती.